कोंबडाछाप चाकू

"भावजी, हा उघडतो," वहिनी म्हणाली आणि तिने रुमालात गुंडाळलेला चाकू काटेवाल्याच्या टेबलावर ठेवला.

काटेवाल्याच्या हातात तेव्हा चिमटा होता आणि चिमट्यात दहा मिलिग्रॅमचं वजन होतं, म्हणजे माशीच्या पंखाएवढा पत्रा. असं वजन हातात असताना तो साक्षात सासऱ्यांशीही बोलत नसे. त्याने श्वास रोखून पत्रा पारड्यात ठेवला, काचपेटीचं दार लावलं आणि मगच मान वर केली.

"चाकू उघडायलाच असतो, वहिनी."

"तसा नाही. आपोआप उघडतो."

बाहेर रस्त्यावर गाड्यांची वर्दळ होती, खिडकीतून स्वच्छ दुपारचं ऊन आत येत होतं. भिंतीशी दुरुस्तीला आलेले तराजू ओळीने उभे होते, एक औषधवाल्याचा, एक सोनाराचा, एक शाळेच्या प्रयोगशाळेचा. अशा ठिकाणी असलं वाक्य ऐकायची काटेवाल्याला सवय नव्हती. त्याने रुमाल सोडला. आत दादाचा कोंबडाछाप होता.

दादा, म्हणजे काटेवाल्याचा थोरला भाऊ, सार्वजनिक बागेत माळी होता. सहा महिन्यांपूर्वी बागेतच, गुलाबाच्या वाफ्याशेजारी, कलम बांधता बांधता खाली बसला तो उठलाच नाही. त्याच्या खिशातल्या वस्तू इस्पितळाने एका पाकिटात घालून परत दिल्या. वहिनी त्याच इस्पितळात परिचारिका, तेव्हा त्या पाकिटावर देणारी म्हणूनही तिचीच सही आणि घेणारी म्हणूनही तिचीच. त्या पाकिटात हा चाकू होता.

"मी संध्याकाळी ड्युटीला जाताना स्वयंपाकघराच्या खणात मिटून ठेवते. सकाळी येऊन बघते तर उघडा. रोज नाही. पण आठवड्यातून तीनदा, चारदा. दाराला कुलूप, खिडक्या बंद."

"स्प्रिंग गेली असेल. कोंबडाछापच तो. तुम्ही मिटता तेव्हा नीट मिटत नसेल, अर्धवट राहत असेल."

"भावजी, पहिल्यांदा उघडा सापडला तो मी मिटला. मिटताना जोर लागत नाही. पण उघडता मला तो कधीच आलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे." तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. बाळंतिणींच्या वॉर्डात पंचवीस वर्षं काम केलेल्या बाईचे हात. नखं पार मुळापर्यंत कापलेली. तान्ह्या बाळाला ओरखडा जायला नको म्हणून लागलेली ती सवय. दादा जिवंत होता तोवर तिच्यासाठी चाकू दादाच उघडायचा.

काटेवाल्याने चाकू रुमालावरून उचलून हातात घेतला.

"माझी बहीण म्हणते, तू एकटी राहतेस, तुझं डोकं फिरायला लागलंय. घर सोड आणि माझ्याकडे ये. वॉर्डातल्या मुलीही माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. मलाही वाटायला लागलंय की त्यांचंच खरं असेल. म्हणून तुमच्याकडे आले. आठ-दहा दिवस हा तुमच्याकडे ठेवा, नजर ठेवा आणि जे होईल ते मला सांगा. नुसतं सांगा. तुम्ही केसाच्या वजनाचाही खोटा आकडा सांगत नाही. नाही उघडला तर मी मुकाट्याने बहिणीकडे जाईन."

"आणि उघडला तर?"

वहिनी उठली, पदर सारखा केला. "तर मग घर सोडायचं कशाला?" ती म्हणाली आणि गेली.

काटेवाल्याला चाकूंचा नाद होता हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. खिशात मावणारे, घडीचे, एकूण त्रेचाळीस. हिरव्या कापडाच्या खोक्यात ते रांगेत झोपलेले असत आणि रविवारी त्यांना तेल मिळे. "घरात त्रेचाळीस चाकू आणि कांदा चिरायला एकही नाही," असं त्याची बायको येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत असे. पाहुणे हसत, काटेवाला हसत नसे. कांदा चिरायला काय, कुठलंही पातं चालतं.

चाकूंवरची त्याची मतं एका जाड वहीत होती, आणि मतं लिहिताना तो कुणाची भीड ठेवत नसे. जहाजछापाबद्दल त्याने लिहिलं होतं: दोन पाती, कात्री, करवत, दातकोरणी आणि बाटली उघडायचा आकडा. चाकू कमी, बिऱ्हाड जास्त. हरणछाप: शिंगाची मूठ, रूप देखणं, पण पेन्सिलीला टोक करायला घेतला की तोंड वाकडं करतो. दोन किल्ल्यांचा छाप मात्र त्याचा जीव की प्राण. त्याच्या पोलादावर त्याने दीड पान खर्ची घातलं होतं आणि मिटताना येणाऱ्या 'टक्' आवाजावर आणखी अर्धं. कोंबडाछापाला सगळ्यांत शेवटी चार ओळी मिळाल्या होत्या: पोलाद मऊ. मूठ साध्या लाकडाची, तीही रंगवलेली. आज धार लावा, उद्या गेली. संग्रहात नको.

यावरून दोघा भावांची दर रविवारी जुंपायची. दादाकडे आयुष्यभर एकच चाकू, हा कोंबडाछाप. दादा डावरा. कारखान्याने पात्याला नख घालायची खाच पाडली होती ती उजव्या हाताच्या माणसासाठी, म्हणून दादाने कानशीने पात्याच्या दुसऱ्या अंगाला स्वतःची खाच पाडून घेतली होती. काटेवाल्याने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो ओरडलाच होता.

"अरे, पात्यावर कानस चालवतात का रे कुणी?"

"मला उघडता येत नव्हता. आता येतो. तुझ्या त्रेचाळीस जणांनी मिळून आजवर काय कापलं, ते सांग."

"कागद. धार तपासायला."

"मग तू चाकूवाला कसला? तू कागदवाला."

"पण ते पोलाद बघ ना दादा, लोण्यासारखं आहे. रोज घासावं लागतं तुला."

"लागतं तर लागतं. मला कुठे जायची घाई आहे?"

असं बोलून दादा हसायचा आणि खिशातून सफरचंद काढून त्याच चाकूने कापायचा. सफरचंद कापण्याची त्याची एक रीत होती. वहिनी रात्रपाळीहून घरी यायच्या आधी त्याला बागेत पोहोचावं लागे. मग तो निघताना सफरचंदाचे दोन भाग करी, एक भाग स्वतः खाई आणि दुसरा बशीखाली झाकून ठेवी. चाकू तिथेच शेजारी उघडा टाकून तोंड धुवायला जाई, आणि खुशाल विसरून बागेकडे निघे. मग अर्ध्या वाटेवरून परत येई. वहिनी सकाळी थकून घरी आली की कधी बशीखाली अर्धं सफरचंद असे, आणि कधी त्याच्या जोडीला चाकू शोधायला परत आलेला नवराही असे.

काटेवाल्याने कामाला सुरुवात केली ती शास्त्रशुद्ध. चाकू शिकंज्यात धरला, दादाच्या खाचेत दोरा अडकवून खाली वजनं टांगत गेला. एक किलो सातशे ग्रॅमला पातं हललं. त्याने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेवढंच. स्प्रिंग ढिली नव्हती. त्याच्या खोक्यातल्या दोन किल्ल्यांच्या छापाची स्प्रिंग त्याहून सव्वाशे ग्रॅमने हलकी निघाली, आणि हे त्याला मनातून मुळीच आवडलं नाही.

मग त्याने चाकू मिटला, सगळ्यांत नाजूक तराजूच्या पारड्यात ठेवला आणि वजन लिहून घेतलं. काचपेटी बंद केली. दुकानाला कुलूप घातलं. किल्ली त्याच्या एकट्याकडेच असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकू मिटलेलाच होता. तिसऱ्या दिवशीही. काटेवाल्याला हायसं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. वहिनीला हे कसं सांगायचं, याचीच तो मनात जुळवाजुळव करू लागला.

चौथ्या दिवशी त्याने दुकान उघडलं. ऊन तेच, तराजू तेच. काचपेटीत, पारड्याच्या मधोमध, चाकू उघडा होता.

तो पेटीजवळ जाऊन वाकला. पेटीची कडी जशीच्या तशी लागलेली होती. पारडं जरासुद्धा कलंडलं नव्हतं. श्वासाने हलणारा तो तराजू. एक किलो सातशे ग्रॅमचा जोर त्यात कुणी लावला असता तर दांडी उडून काचेला लागली असती. पण काटा बरोबर मध्यावर होता, काल होता तसा. त्याने वजन वाचलं. आकडा तोच, एका मिलिग्रॅमचाही फरक नाही. काहीतरी फरक निघाला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने पेटीचं दार सरकवलं. आतून कापलेल्या सफरचंदाचा वास आला आणि लगेच विरून गेला. त्या बंद दुकानात कित्येक महिने कुणी फळ आणलं नव्हतं.

वहिनीने सांगितलं होतं, नुसतं सांगा. त्याने फोन उचलला असता आणि "उघडला" एवढंच म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण माणूस घाबरला की जे हाताला येतं तेच करतो, आणि काटेवाल्याच्या हाताला एकच गोष्ट येत होती. त्याने तो उघडा चाकू उजेडात धरला. पात्याची दशा त्याला पाहवेना. एका अंगाने जास्त झिजलेलं, मुठीजवळ खळगा पडलेला, टोक किंचित वर वळलेलं. वर्षानुवर्षं कुणीतरी डाव्या हाताने कुठल्यातरी खडबडीत दगडावर घासलेलं. असलं पातं स्प्रिंगला नीट बसणार तरी कसं? इथेच दोष आहे, असं त्याने स्वतःला बजावलं आणि धारेचा दगड काढला.

दुपारपर्यंत तो घासत होता. पाण्याचा दगड, मग बारीक दगड, मग चामडं. खळगा गेला, टोक सरळ झालं, दोन्ही अंगं सारखी झाली. सांध्यात तेल सोडलं. शेवटी मनगटावरचा केस कापून पाहिला, तो अलगद कापला गेला. कोंबडाछापाला इतकी चांगली धार कधी कुणी लावली नसेल. त्याची भीतीही कुठल्या कुठे पळाली.

त्यानंतर पाच दिवस चाकू उघडला नाही.

वहिनी ड्युटीवर जाता जाता आली. काटेवाल्याने तिला खुर्ची दिली आणि आकड्यांसकट सगळं सांगितलं. एक किलो सातशे, काचपेटी, चौथा दिवस. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. तिने डोळे मिटले आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच पाठ खुर्चीला टेकवली.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे."

"अगदी. पण आता काळजी नको. आता उघडणार नाही. ठीक केलाय मी."

तिने डोळे उघडले. "काय केलंय?"

त्याने मोठ्या उत्साहाने चाकू उघडून तिच्या हातात दिला. तिने पात्यावरून अंगठा फिरवला, सवयीने, जिथे खळगा होता तिथे. अंगठा सरळ पुढे निघून गेला. तिने पुन्हा फिरवला.

"यांचा हात होता इथे," ती म्हणाली.

"वहिनी, पातं वाकडं होतं. एकाच अंगाने..."

"हो. त्यांच्या अंगाने." ती मोठ्याने बोलली नाही. रडली तर मुळीच नाही, वॉर्डात रडून चालत नाही. "मी तुम्हाला सांगितलं होतं, नुसतं सांगा म्हणून. तो कशाने उघडत होता, मला माहीत नाही भावजी. पण ज्या पात्यासाठी कुणी येत असेल ते पातं आता यात नाही, एवढं मला कळतंय." तिने चाकू मिटून टेबलावर ठेवला. "ठेवा तुमच्याकडेच. चव्वेचाळीस होतील. मी महिनाअखेर बहिणीकडे जाते."

ती गेल्यावर काटेवाल्याने पात्यावरून स्वतःचा अंगठा फिरवून पाहिला. त्याच्या चांगल्या धारेने दादाचा तेवढा उरलेला हात पुसून टाकला होता, आणि घासलेल्या पोलादाचं पीठ पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेलं होतं. भाऊ गेला तेव्हा तो चारचौघांसारखा रडला होता. आज त्याला रडूही येईना, नुसती लाज वाटत होती.

घरी बायकोने ताट वाढलं, त्याने दोन घास खाल्ले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा घासायचे कुठे, ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"बागेत कुठेतरी."

"मग इथे काय बसलाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बागेत गेला. दादाचा जोडीदार, एक म्हातारा माळी, त्याने त्याला पाण्याच्या हौदाकडे नेलं. हौदाच्या काठावर एका जागी दगड तळहाताएवढा खोलगट झाला होता. "इथेच बसायचा. रोज, कामाला हात घालायच्या आधी," माळी म्हणाला आणि आपल्या वाफ्याकडे निघून गेला.

काटेवाला तिथे बसला. चाकू डाव्या हातात धरला. उजव्या हाताने मिलिग्रॅम उचलणारा माणूस, पण डाव्या हाताने त्याला धड चमचाही धरता येत नसे. पातं घसरलं, बोट कापलं. त्याने बोट तोंडात घातलं आणि पुन्हा सुरुवात केली. चांगली धार बिघडवताना त्याचा जीव वर-खाली होत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी पात्याला दगडाची सवय झाली असावी, किंवा हाताला झाली असावी.

पाचव्या दिवशी तो घासत असताना त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. दुकानातला एक तराजू दोन दिवस नीट बसत नव्हता, त्याचा विचार डोक्यात चालला होता. हात आपला चालला होता. ओल्या दगडावर लयीत, न अडखळता. मग हात थांबला, पातं उलटं झालं आणि मूठ काठावर दोनदा आपटली. टक, टक.

"आलो रे!" वाफ्यात पाठमोऱ्या वाकलेल्या माळ्याने ओरडून सांगितलं, खुरपं उचललं आणि तो वळला. काटेवाल्याला पाहून तो जागच्या जागी उभा राहिला.

"तुम्ही होय," तो म्हणाला. "तुमचा दादा असंच आपटायचा. झालं माझं, चल, असं सांगायला. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," काटेवाला म्हणाला, आणि ते खरं होतं. त्याने डाव्या हाताकडे पाहिलं. हात त्याचाच होता. पात्यावरून अंगठा फिरवला तर मुठीजवळ अंगठा किंचित आत गेला.

पण दुकानात चाकू उघडेना. काचपेटीत ठेवून पाहिला, खणात ठेवून पाहिला. तीन दिवस, चार दिवस. महिनाअखेर जवळ आली. वहिनीने सामान बांधायला घेतल्याचं बायकोने सांगितलं. तेव्हा ज्याने आयुष्यात केसाच्या वजनाचाही खोटा आकडा सांगितला नव्हता, त्या काटेवाल्याने डाव्या अंगठ्याचं नख दादाच्या खाचेत घातलं आणि जोर लावला. एक किलो सातशे ग्रॅम. नख अर्ध्यात फाटलं, रक्त आलं, पातं उघडलं. तो उघडा चाकू रुमालात गुंडाळून त्याने वहिनीच्या घरी नेला.

घरात खोकी बांधून ठेवली होती. "आज सकाळी उघडा होता," तो म्हणाला, खिडकीकडे बघत.

वहिनीने पात्यावरून अंगठा फिरवला. मुठीजवळ थांबवला. बराच वेळ थांबवला. मग तिने काटेवाल्याचा डावा हात ओढून उजेडात धरला आणि फाटलेलं नख पाहिलं. कपाटातून पट्टी काढली, औषध लावलं, बांधली.

"खोटं बोलता येत नाही भावजी तुम्हाला. कशाला त्या फंदात पडता?"

"चुकलं माझं, वहिनी." आणि मग त्याला रडू आलं.

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. चाकू मिटून तिने स्वयंपाकघराच्या खणात ठेवला, जणू काही झालंच नाही. खोक्यांबद्दल त्याने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

नऊ दिवसांनी सकाळी सव्वाआठला फोन वाजला. "या," एवढंच वहिनी म्हणाली.

तो पोहोचला तेव्हा ती अजून पांढऱ्या गणवेशातच होती. खोकी तशीच बांधलेली, पण एक उघडून त्यातल्या बश्या परत मांडणीवर लावलेल्या होत्या. स्वयंपाकघरात खण बाहेर ओढलेला होता. खणात, चमच्यांच्या शेजारी, कोंबडाछाप उघडा पडला होता. खोलीत मंद, गोड वास होता.

काटेवाल्याने आधी वहिनीच्या हातांकडे पाहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली, पण त्याने पाहिलं. दहाही बोटं. नखं मुळापर्यंत कापलेली, एकालाही ओरखडा नाही. वहिनीने त्याला हात नीट पाहू दिले.

"तुमचं काय मत आता?" तिने विचारलं. "कोंबडाछापाबद्दल?"

काटेवाल्याने चाकू उचलला. मिटला, खाचेत नख घालून थोडा ताणून पाहिला आणि सोडला. शाळेच्या तराजूवर शिक्का मारण्याआधी तो जेवढा वेळ घेई, तेवढा वेळ त्याने घेतला.

"पोलाद मऊ आहे," तो म्हणाला. "पण स्प्रिंग कडक आहे, वहिनी. आपोआप उघडणं शक्य नाही."

वहिनीने मान हलवली. पिशवीतून एक सफरचंद काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने चाकू उघडून दिला आणि तिने सफरचंदाचे दोन भाग केले, एक जरा मोठा झाला. लहान भागाचे पुन्हा दोन केले, एक त्याला दिला, एक स्वतः घेतला. मोठा भाग तिने टेबलावर ठेवला आणि त्यावर बशी पालथी घातली. चाकू तिथेच शेजारी उघडा राहू दिला.